एमआर आर्थ्रोग्रामचा क्लेम: २३३५०, ७३०४०, ७७००२ यांतलं नक्की काय लावायचं?

निशापाळी

अमेरिकन रेडिऑलॉजी ग्रुपचं कोडिंग (विम्याच्या बिलासाठी तपासण्यांना ठरलेले कोड लावणं) इथून, म्हणजे पुणे-मुंबई-नागपुरातून करणारे बरेच जण या गटात आहेत, म्हणून सविस्तर विचारते. चार्ट असा आहे:

उजव्या खांद्याचा एमआर आर्थ्रोग्राम (सांध्यात कॉन्ट्रास्ट भरून केलेला एमआरआय). हॉस्पिटल आउटपेशंट, पीओएस (सेवेच्या जागेचा कोड) २२. पेयर (पैसे देणारा विमा) मेडिकेअर पार्ट बी, म्हणजे अमेरिकेचा सरकारी विमा. आपण फक्त डॉक्टरांची बाजू बिल करतो. रिपोर्टचं शीर्षक 'राइट शोल्डर आर्थ्रोग्राम अँड एमआरआय'. मजकूर: फ्लुरोस्कोपीखाली २२ गेजची सुई सांध्यात घातली, लिडोकेनने जागा बधिर केली, १ मिलि आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट सोडून सुई सांध्यातच आहे याची खात्री केली, मग पातळ केलेलं गॅडोलिनियमचं मिश्रण १२ मिलि सोडलं, पेशंटला एमआरआयला नेलं. पुढे एमआरचे निष्कर्ष: लॅब्रमची वरच्या बाजूची फाट (स्लॅप), रोटेटर कफला पूर्ण जाडीची फाट नाही.

क्लेम गेला तो असा: २३३५०-आरटी, ७३०४०-२६-आरटी, ७७००२-२६, ७३२२३-२६-आरटी (मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडलेल्या खुणा: आरटी उजवी बाजू, २६ फक्त डॉक्टरांचा व्यावसायिक भाग). निदान एम२५.५११. ७७००२ ला (फ्लुरोस्कोपीच्या मार्गदर्शनाला) सीओ-९७ आला, म्हणजे 'पैसे दुसऱ्या सेवेतच धरलेले' असा नकार, आणि ७३२२३ साठी रेकॉर्ड मागवलं आहे. आमच्या टेम्प्लेटमध्ये खांद्याच्या प्रत्येक आर्थ्रोग्रामला हेच चार कोड आपोआप येतात. चूक नेमकी कुठे आहे?

रेघोटी

ताई, चूक एक नाही, तीन आहेत. डिनायल मात्र तुम्हाला एकाच ओळीवर दिसलं. या रिपोर्टवर बसतात ते कोड एवढेच: २३३५०-आरटी, ७७००२-२६, ७३२२२-२६-आरटी.

आधी ७३०४०. हा साध्या, क्ष-किरणांवर केलेल्या खांद्याच्या आर्थ्रोग्राफीचा 'सुपरव्हिजन अँड इंटरप्रिटेशन' कोड आहे. कॉन्ट्रास्ट भरल्यावर वेगवेगळ्या स्थितींत फिल्म घेतल्या, कॉन्ट्रास्ट कॅप्सूलमध्ये कसा पसरला, कफमधून सबॲक्रोमियल बर्सात गळला का, सांध्यात सुटा तुकडा दिसतो का, हे सगळं लिहून त्याचं स्वतंत्र वाचन केलं, तर हा कोड. तुमच्या रिपोर्टात कॉन्ट्रास्टचं काम एकच होतं, सुई बरोबर जागी आहे हे पाहणं. ते ७७००२ मध्ये येतं. शीर्षकात आर्थ्रोग्राम शब्द आहे म्हणून ७३०४० लागत नाही.

७३०४० आणि ७७००२ एकाच सांध्याला एकत्र लागतच नाहीत, कारण ७३०४० मध्ये फ्लुरोस्कोपी धरलेली आहे. पेयरने ७७००२ नाकारला आणि ७३०४० चे पैसे दिले. म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे आले आणि केलेल्या कामाचे गेले. ऑडिटमध्ये हे परत करावे लागतील, त्यामुळे ७३०४० काढून दुरुस्ती करा. नाकारलेल्या ओळीवर ५९ ('ही वेगळी सेवा आहे' असं सांगणारा मॉडिफायर) चिकटवून पुन्हा पाठवू नका.

सीपीटीच्या (अमेरिकेतल्या प्रक्रिया-कोडांच्या) पुस्तकात २३३५० खालीच सूचना छापलेली आहे: फ्लुरोस्कोपीच्या मदतीने इंजेक्शन देऊन सीटी आर्थ्रोग्राफी केली तर २३३५०, ७७००२ आणि ७३२०१ किंवा ७३२०२. एमआर केली तर २३३५०, ७७००२ आणि ७३२२२ किंवा ७३२२३. ते पान छापून टेबलावर ठेवा.

हिशेबनीस

७३२२३ बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक तीच आहे.

७३२२१ म्हणजे वरच्या अवयवाचा सांधा, कॉन्ट्रास्टशिवाय. ७३२२२ कॉन्ट्रास्टसह. ७३२२३ म्हणजे आधी कॉन्ट्रास्टशिवाय पूर्ण तपासणी, मग कॉन्ट्रास्ट, मग पुन्हा सीक्वेन्स. खालच्या अवयवाला त्याच क्रमाने ७३७२१, ७३७२२, ७३७२३.

एमआर आर्थ्रोग्राममध्ये पेशंट यंत्रात शिरतो तेव्हा कॉन्ट्रास्ट आधीच सांध्यात असतो. त्यानंतरचा प्रत्येक सीक्वेन्स 'कॉन्ट्रास्टसह' याच सदरात येतो, मग तो टी१ असो, टी२ असो, फॅट-सॅट असो वा नसो. बरेच कोडर टी२ सीक्वेन्स दिसला की त्याला 'विदाउट' समजतात आणि ७३२२३ लावतात. सीक्वेन्सचं नाव पाहू नका, इंजेक्शनची वेळ पाहा. ७३२२३ तेव्हाच, जेव्हा सुई टोचण्याआधी एमआरआय झाला, त्याची ऑर्डर होती, त्यामागचं वैद्यकीय कारण लिहिलेलं आहे आणि रिपोर्टात दोन्ही टप्पे वेगळे दिसतात.

सांध्यात दिलेला कॉन्ट्रास्ट 'विथ कॉन्ट्रास्ट'मध्ये धरतात का, ही शंका नवीन मुलं हमखास विचारतात. धरतात. शिरेतून, सांध्यात किंवा मणक्याच्या आवरणात दिलेला कॉन्ट्रास्ट मोजला जातो. तोंडावाटे किंवा गुदद्वारातून दिलेला एकटा मोजला जात नाही.

मनगटी

कोणी सांध्यानुसार जोड्या एका जागी लिहून देईल का? दर वेळी पुस्तक उघडावं लागतं.

रेघोटी

घ्या. पहिला इंजेक्शनचा कोड, दुसरा साध्या आर्थ्रोग्राफीच्या वाचनाचा:

जबड्याचा सांधा: २१११६, ७०३३२
खांदा: २३३५०, ७३०४०
कोपर: २४२२०, ७३०८५
मनगट: २५२४६, ७३११५
खुबा: २७०९३ किंवा २७०९५, ७३५२५
गुडघा: २७३६९, ७३५८०
घोटा: २७६४८, ७३६१५

दुसरा कोड लावला की ७७००२ नाही. त्याऐवजी सीटी किंवा एमआर झाली असेल तर दुसरा कोड सोडून ७७००२ आणि सीटी-एमआरचा कोड. इंजेक्शनच्या कोडला २६ लागत नाही, त्याचे तांत्रिक आणि व्यावसायिक असे दोन भागच नाहीत. २६ फक्त ७७००२ आणि इमेजिंगच्या कोडला.

७७००२ हा २०१७ पासून ॲड-ऑन कोड आहे. एकटा गेला तर नाकारला जाणारच. इंजेक्शन एका क्लेमवर आणि मार्गदर्शन दुसऱ्या क्लेमवर असं तोडू नका.

निशापाळी

आमच्याकडे गुडघ्याला जुना २७३७० अजून टेम्प्लेटमध्ये होता, गेल्या आठवड्यात काढला.

हिशेबनीस

२७३७० हा १ जानेवारी २०१९ पासून रद्द आहे. त्याची जागा २७३६९ ने घेतली. बदलाचं कारण समजलं तर ही चूक पुन्हा होणार नाही. २७३७० चा अर्थ होता 'गुडघ्याच्या आर्थ्रोग्राफीसाठी इंजेक्शन', पण लोक तो स्टेरॉइडच्या किंवा हायलुरोनिक ॲसिडच्या साध्या इंजेक्शनलाही लावत होते. तिथे २०६१० हवा होता. वापर वाढत गेला तसं ते लक्षात आलं आणि नवीन कोडच्या वर्णनात कॉन्ट्रास्ट, आर्थ्रोग्राफी, कॉन्ट्रास्टसह सीटी-एमआर हे शब्द स्पष्ट घातले. त्याच्याच खाली सूचना आहे की २७३६९ बरोबर २०६१०, २०६११ किंवा २९८७१ लावू नका.

म्हणून गुडघ्यात पाणी झालेलं होतं, कॉन्ट्रास्ट भरण्याआधी ते ओढून काढलं, तरी २०६१० वेगळा नाही. सुई तीच, सांधा तोच.

धोपटमार्ग

इथे एक प्रश्न अडतो. खुब्यात स्टेरॉइड द्यायचं होतं. फ्लुरोस्कोपी वापरली, २ मिलि कॉन्ट्रास्ट सोडला, 'आर्थ्रोग्राम कन्फर्म्ड इंट्रा-आर्टिक्युलर पोझिशन' असं लिहिलं, मग औषध दिलं. डॉक्टर म्हणतात २७०९३ आणि ७३५२५ लावा.

रेघोटी

नाही दादा. कामाचा हेतू उपचार होता. २०६१०, ७७००२-२६ आणि बाजूचा मॉडिफायर, एवढंच. डॉक्टरांनी 'आर्थ्रोग्राम' हे क्रियापदासारखं वापरलं आहे. निदानासाठी वेगळी तपासणी झालेली नाही, फिल्म नाहीत, निष्कर्ष नाहीत. स्वतःला तीन गोष्टी विचारा: सांध्यात काय गेलं, कशासाठी गेलं, आणि त्यानंतर कोणत्या प्रतिमा औपचारिकपणे वाचल्या गेल्या. तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असेल तर आर्थ्रोग्राफीचे कोड त्या चार्टवर येत नाहीत.

उलट बाजूही सांगते. एमआर आर्थ्रोग्रामच्या मिश्रणातच भूल देणारं औषध किंवा स्टेरॉइड मिसळलं तर इंजेक्शन एकच धरायचं, २७०९३. त्यावर २०६१० पुन्हा नाही. ऑफिसमध्ये, म्हणजे पीओएस ११ ला, औषध डॉक्टरांनी विकत घेतलं असेल तर त्याचा जे कोड वेगळा लागतो. पीओएस २२ ला औषध हॉस्पिटलचं, तिथे आपण औषध बिल करायचं नाही.

मनगटी

२७०९३ आणि २७०९५ मधला फरक? वर्णनात 'विदाउट ॲनेस्थेशिया' आणि 'विथ ॲनेस्थेशिया' आहे. लिडोकेन दिलं की २७०९५ लावणारे आमच्याकडे खूप आहेत.

हिशेबनीस

लिडोकेनने त्वचा बधिर करणं हे प्रक्रियेचाच भाग आहे, त्याने २७०९५ होत नाही. २७०९५ साठी त्यापलीकडची भूल लागते. लहान मुलांच्या खुब्याचा आर्थ्रोग्राम ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भुलीखाली करतात, तिथे तो बसतो. रेडिऑलॉजी विभागातला रोजचा खुबा २७०९३.

खुब्याच्या इमेजिंगमध्ये दुसरा घोळ म्हणजे पेल्व्हिसचा एमआरआय. ७२१९५, ७२१९६, ७२१९७ हे पेल्व्हिसचे, ७३७२१ ते ७३७२३ सांध्याचे. ऑर्डर आणि रिपोर्ट एका खुब्याच्या सांध्यावर, लॅब्रमवर, कूर्चेवर केंद्रित असेल तर सांध्याचा कोड. संपूर्ण ओटीपोटाच्या पोकळीतली हाडं, स्नायू, दोन्ही बाजू एका मोठ्या चौकटीत पाहिल्या असतील तर पेल्व्हिस. एकाच तपासणीला दोन्ही लावायचे नाहीत.

सांधेजोड

सॅक्रोइलियाक सांध्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, तिथला नियम इतर सांध्यांसारखा नाही.

२७०९६ मध्ये फ्लुरोस्कोपी किंवा सीटीचं मार्गदर्शन आणि केलेली असल्यास आर्थ्रोग्राफी, दोन्ही आतच आहेत. ७७००२ नाही, ७७०१२ नाही. पण त्याची अट कडक आहे: फ्लुरो किंवा सीटीने सुई सांध्यात असल्याची खात्री केलेली हवी. ती नसेल, नुसतं हाताने चाचपून दिलं असेल, तर सीपीटी २०५५२ कडे पाठवते. दोन्ही बाजूंना दिलं तर २७०९६-५०.

मेडिकेअरमध्ये हॉस्पिटल आणि सर्जरी सेंटर हेच काम जी०२६० ने बिल करतात, नुसत्या आर्थ्रोग्राफीसाठी जी०२५९. डॉक्टरांचा क्लेम मात्र २७०९६ नेच जातो. फॅसिलिटी आणि प्रोफेशनल दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या टीममध्ये एकाचा कोड दुसऱ्याच्या क्लेमवर कॉपी होतो आणि दोन्हीकडे डिनायल येतं.

धोपटमार्ग

अल्ट्रासाउंडखाली इंजेक्शन देऊन एमआर आर्थ्रोग्राम केला तर?

सांधेजोड

खांद्याला २३३५०, ७६९४२-२६, ७३२२२-२६. ७७००२ नाही, कारण फ्लुरो वापरलीच नाही. ७६९४२ साठी प्रतिमा कायमस्वरूपी साठवलेली हवी आणि रिपोर्टात सुई कुठून कुठे गेली याचं वर्णन हवं. 'अंडर अल्ट्रासाउंड गाइडन्स' एवढ्या तीन शब्दांवर हा कोड टिकत नाही. रेकॉर्ड मागितलं की पहिली विचारणा प्रतिमेची होते.

उपचाराच्या इंजेक्शनला मात्र ७६९४२ वेगळा लावू नका. २०१५ पासून २०६०४, २०६०६, २०६११ आले, त्यांत अल्ट्रासाउंड आतच आहे. लहान सांधा बोटांचा. मधला सांधा मनगट, कोपर, घोटा, जबडा. मोठा सांधा खांदा, खुबा, गुडघा. आणि ॲक्रोमिओक्लॅव्हिक्युलर सांधा हा मधल्या गटात येतो, म्हणजे २०६०५ किंवा २०६०६. 'खांद्याजवळ आहे' म्हणून २०६१० लावलेले क्लेम मी ऑडिटमध्ये सर्वांत जास्त परत पाठवतो.

रेघोटी

'इनडायरेक्ट आर्थ्रोग्राम' हा शब्दही ओळखून ठेवा. त्यात गॅडोलिनियम शिरेतून देतात, पेशंटला सांधा हलवायला लावतात, थोड्या वेळाने एमआरआय घेतात. सांध्यात सुई जातच नाही. म्हणून २३३५० नाही, ७७००२ नाही, फक्त ७३२२२. शीर टोचल्याचा ३६००० किंवा शिरेतून इंजेक्शनचा ९६३७४ लावायचा मोह टाळा. कॉन्ट्रास्ट देण्यासाठीची शीर इमेजिंगमध्येच धरलेली असते.

मोजमापे

कॉन्ट्रास्टच्या युनिट्सबद्दल कोणी लिहिलं नाही. इमेजिंग सेंटरचा, म्हणजे पीओएस ११ चा क्लेम करणाऱ्यांनी हे वाचा. हॉस्पिटल आउटपेशंटला मेडिकेअरमध्ये कॉन्ट्रास्टचे पैसे मुख्य तपासणीतच बांधलेले असतात. सेंटरमध्ये ते वेगळे मिळतात, आणि तिथेच युनिट चुकतात.

आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट: कोड ठरतो तो आयोडीनच्या तीव्रतेवर. दर मिलिला १०० ते १९९ मिग्रॅ आयोडीन असेल तर क्यू९९६५, २०० ते २९९ असेल तर क्यू९९६६, ३०० ते ३९९ असेल तर क्यू९९६७. ऑम्निपेक १८० पहिल्यात, २४० दुसऱ्यात, ३०० आणि ३५० तिसऱ्यात. तिन्हीचं एक युनिट म्हणजे १ मिलि. रिपोर्टात नुसतं 'ऑम्निपेक' लिहिलं असेल तर आकडा विचारून घ्या, अंदाजाने ३०० धरू नका.

गॅडोलिनियम: इथे माणसं फसतात. आर्थ्रोग्रामसाठी गॅडोलिनियम खूप पातळ करतात. साधारण ०.१ ते ०.२ मिलि गॅडोलिनियम २० मिलि सलाइनमध्ये किंवा सलाइन-आयोडीन-लिडोकेनच्या मिश्रणात. त्यातलं १२ मिलि खांद्यात गेलं. क्लेमवर १२ युनिट टाकले तर तुम्ही सलाइनचे पैसे मागताय. ए९५७९ चं युनिट १ मिलि गॅडोलिनियमचं आहे. पेशंटच्या सांध्यात गेलेलं गॅडोलिनियम ०.१ मिलिच्या आसपास. एका युनिटपेक्षा कमी असलं तरी अपूर्णांक टाकता येत नाही, एक युनिट जातं. प्रत्येक ब्रँडचं मोजमापही सारखं नाही: ए९५७६ आणि ए९५७७ दर मिलिला, पण ए९५७५ आणि ए९५८५ दर ०.१ मिलिला. कोड बदलला आणि युनिट तेच ठेवलं की दहा पटींचा फरक पडतो.

स्टेरॉइडचंही तेच. जे३३०१ म्हणजे ट्रायॲम्सिनोलोन १० मिग्रॅ, म्हणून ४० मिग्रॅला ४ युनिट. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटचे जुने जे१०२०, जे१०३० आणि जे१०४० हे १ एप्रिल २०२४ पासून गेले. त्यांच्याऐवजी जे१०१० आला, त्याचं युनिट १ मिग्रॅ. ४० मिग्रॅला आता ४० युनिट. जुन्या सवयीने १ युनिट टाकलं तर चाळिसाव्या भागाचे पैसे येतात, आणि डिनायल नसल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

एकाच डोसची व्हायल असेल तर वाया गेलेल्या भागाला जेडब्ल्यू, काहीच वाया गेलं नसेल तर जेझेड. जेझेड १ जुलै २०२३ पासून सक्तीचा आहे. अनेक डोसांच्या व्हायलला दोन्ही लागू नाहीत.

निशापाळी

मोजमापे सर, ०.१ मिलिचा हिशेब रिपोर्टात लिहिलेलाच नसतो. 'डायल्यूट गॅडोलिनियम' एवढंच असतं.

मोजमापे

मग प्रोव्हायडर क्वेरी पाठवा. क्वेरीत उत्तर सुचवू नका. 'तुम्ही ०.१ मिलि दिलं का?' असं नाही. 'मिश्रणातील प्रत्येक घटकाचं नाव, तीव्रता, मूळ प्रमाण आणि सांध्यात दिलेलं एकूण प्रमाण कृपया नोंदवा', असं. एकदा डॉक्टरांच्या टेम्प्लेटमध्ये या चार जागा घातल्या की पुढच्या सगळ्या चार्टांचा प्रश्न मिटतो.

हिशेबनीस

आता निदानाकडे या. ताईंच्या क्लेमवर एम२५.५११, उजव्या खांद्याचं दुखणं, असं होतं. आउटपेशंट रेडिऑलॉजीत वाचन झालेलं असेल तर पक्कं निदान कोड करायचं, लक्षण नव्हे. स्लॅप फाट पक्की लिहिली आहे, म्हणून एस४३.४३१ए. दुखणं त्या फाटीचाच भाग, ते वेगळं नको. पण रिपोर्टात 'प्रॉबेबल', 'सस्पिशस फॉर', 'कन्सिस्टंट विथ' असेल तर ते पक्कं निदान नाही, तिथे लक्षणावरच थांबायचं. फाट झिजेमुळे आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं असेल तर इजेचा एस कोड लावू नका.

रोटेटर कफचंही असंच. इजेशिवायची पूर्ण फाट एम७५.१२१, अर्धवट एम७५.१११, इजेमुळे एस४६.०११ए. तिन्ही उजव्या बाजूचे आहेत. डाव्याला सहाव्या जागेचा आकडा बदलतो. क्लेमवर आरटी आणि निदान डाव्या खांद्याचं, असं रोज घडतं आणि सीओ-११ (निदान प्रक्रियेशी जुळत नाही) किंवा सीओ-४ (मॉडिफायर कोडशी जुळत नाही) होऊन परत येतं.

धोपटमार्ग

ऑथचा, म्हणजे पेयरच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न. ऑथरायझेशन ७३२२१ चं आणि केलं ७३२२२. कमर्शियल पेयर. सीओ-१९७, म्हणजे पूर्वपरवानगी नाही.

सांधेजोड

हे कोडरच्या हातातलं नाही, शेड्यूलिंगच्या हातातलं आहे. ऑर्डरवर 'शोल्डर एमआरआय' लिहून आलं, पुढच्या बाजूने ७३२२१ चं ऑथ घेतलं, मग रेडिऑलॉजिस्टने लॅब्रमसाठी आर्थ्रोग्राम सुचवला. त्या क्षणी ऑथ बदलून घ्यायला हवं होतं. काही पेयर तपासणीनंतर ठरावीक दिवसांत बदल स्वीकारतात, ती मुदत करारात किंवा प्रोव्हायडर मॅन्युअलमध्ये पाहा. विनंतीत इंजेक्शनचा कोड, ७७००२ आणि एमआरचा कोड तिन्ही द्या. ऑथ नंबर सीएमएस-१५०० च्या (क्लेमच्या फॉर्मच्या) २३ व्या रकान्यात. पैसे मिळावेत म्हणून ७३२२२ चं ७३२२१ करून पाठवणं हा उपाय नव्हे, तो खोटा क्लेम आहे.

सीओ गटाचं डिनायल असेल तर ती रक्कम पेशंटवर टाकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. एनसीसीआयच्या (कोणते कोड एकत्र लावायचे नाहीत याच्या मेडिकेअरच्या यादीच्या) बंडलिंगमुळे नाकारलेली ओळ तर एबीएन (खर्च पेशंटवर येऊ शकतो अशी आगाऊ सूचना) सही करून घेतलं असलं तरी पेशंटकडे जात नाही.

मनगटी

५९ कधी वापरायचा मग? आमच्याकडे एडिट (कोडांच्या जोडीवरची अडवणूक) आला की ५९ हाच पहिला प्रयोग असतो.

रेघोटी

जोडीचा इंडिकेटर आधी पाहायचा. ० असेल तर कोणताही मॉडिफायर चालत नाही. १ असेल तर चालतो, पण चार्टात कारण हवं. ९ म्हणजे तो एडिट आता लागू नाही. ही यादी दर तिमाहीला बदलते, सेवेच्या तारखेची यादी उघडा.

खरं उदाहरण: उजव्या खांद्याचा एमआर आर्थ्रोग्राम आणि त्याच भेटीत डाव्या गुडघ्यात स्टेरॉइड. २३३५०-आरटी आणि २०६१०-एलटी. सांधे वेगळे, बाजू वेगळी. एडिट अडला तर ५९ किंवा एक्सएस (वेगळा अवयव) बरोबर. एक्सई, एक्सपी, एक्सएस, एक्सयू हे चार मॉडिफायर १ जानेवारी २०१५ पासून आहेत. ५९ पेक्षा नेमके आहेत, कारण त्यांना 'वेगळं का' हे सांगावं लागतं. एकाच पायाच्या गुडघ्याचा आणि घोट्याचा एमआरआय झाला तर ७३७२१-आरटी दोनदा जातो, दुसऱ्याला एक्सएस, नाहीतर डुप्लिकेट म्हणून सीओ-१८.

हिशेबनीस

दोन्ही बाजू असतील तर फी शेड्यूलमधला बायलॅटरल इंडिकेटर पाहा. १ असेल तर १५० टक्के, २ असेल तर कोडातच दोन्ही बाजू धरलेल्या, ३ असेल तर प्रत्येक बाजूला पूर्ण. ७३५६५ हा 'दोन्ही गुडघे, उभं राहून' आधीच दोन्हींचा आहे, त्याला ५० लावू नका. खुब्याच्या एक्स-रेला २०१६ पासून एका बाजूला ७३५०१, ७३५०२, ७३५०३ आणि दोन्हींना ७३५२१, ७३५२२, ७३५२३. तिथे ७३५०२-५० असं करायचं नाही, व्ह्यू मोजून दोन्ही बाजूंचाच कोड घ्यायचा.

एकाच दिवशी एकाच पेशंटच्या दोन मोठ्या इमेजिंग झाल्या तर मेडिकेअर दुसरीचा तांत्रिक भाग ५० टक्के आणि व्यावसायिक भाग ५ टक्के कापते. ती कपात आहे, डिनायल नाही. तिच्यावर अपील करण्यात वेळ घालवू नका.

निशापाळी

सगळ्यांचे आभार. दुरुस्त क्लेम असा मांडला आहे: २३३५०-आरटी, ७७००२-२६, ७३२२२-२६-आरटी, निदान एस४३.४३१ए. मेडिकेअरला फ्रीक्वेन्सी ७ टाकून करेक्टेड क्लेम पाठवू का?

सांधेजोड

नाही. फ्रीक्वेन्सी ७ आणि २२ व्या रकान्यात मूळ क्लेम नंबर, हे कमर्शियल पेयरसाठी. मेडिकेअर पार्ट बी ते घेत नाही. तुमच्या क्लेमवर निर्णय झालेला आहे, म्हणून रीओपनिंग मागा, किंवा निर्णयाची सूचना मिळाल्यापासून १२० दिवसांत रीडिटर्मिनेशन (अपिलाची पहिली पायरी). ईओबीवर (पेयरच्या निर्णयाच्या तपशिलावर) एमए१३० असता तर क्लेम प्रक्रियेतच गेला नाही असा अर्थ झाला असता, तेव्हा अपिलाचा हक्क नसतो, नवीन क्लेम पाठवायचा असतो. तुमच्याकडे एमए१३० नाही.

आणि ७३२२३ साठी मागवलेलं रेकॉर्ड थांबवू नका. ते मुदतीत पाठवा, सोबत एका ओळीत लिहा की ओळ ७३२२२ अशी दुरुस्त करत आहोत आणि ७३०४० मागे घेत आहोत.

निशापाळी

इंजेक्शन १४ तारखेला संध्याकाळी झालं, एमआरचं वाचन १५ ला सकाळी सही झालं. तिन्ही ओळींवर १४ आहे.

सांधेजोड

मेडिकेअरमध्ये तांत्रिक भागाची तारीख तपासणी झाली ती, आणि व्यावसायिक भागाची तारीख वाचन पूर्ण झालं ती. २३३५० आणि ७७००२-२६ ला १४, ७३२२२-२६ ला १५ टाका. २३३५० आणि ७७००२ एकाच तारखेला राहिले पाहिजेत, कारण ॲड-ऑन आपल्या मूळ कोडपासून सुटला की पुन्हा अडतो.